देव्हाऱ्यात गेलेले सिंह

लातूरच्या गंजगोलाईतून सराफ्याकडे जाणाऱ्या गल्लीत किशनराव पांचाळाचं टाकांचं दुकान होतं. टाक म्हणजे देव्हाऱ्यात पुजायचे चांदीचे देव. अंगठ्याएवढ्या पत्र्यावर उठवलेली माहूरची रेणुका, घोड्यावरचा खंडोबा, तुळजापूरची भवानी. लग्न झालं, भावाभावांच्या वाटण्या झाल्या, चूल वेगळी निघाली की टाक लागतात, आणि टाक लागले की लोक किशनरावाकडे येत. त्याच्या दुकानातली रेणुका तुमच्या डोळ्यांत डोळे घालून बघते, असं पार उदगीर-अहमदपूरपर्यंत बोललं जाई. ते खरंच होतं. फक्त ती रेणुका किशनरावानं केलेली नसायची. ती त्याची बायको नागुबाई करायची.

नागुबाई उमरीकडची. बाप टाक करणारा. दर यात्रेला माहूरच्या पायथ्याशी पाल ठोकून बसायचा, आणि घरात दुसरं कुणी नसल्यामुळे पोरीलाही बरोबर न्यायचा. इतर मुली भातुकली मांडत त्या वयात ही पोर ठशावर पत्रा ठेवून हातोडी मारायला शिकली. बापाला त्याचं कौतुक होतं आणि धास्तीही होती. "कुनाला सांगू नगंस," तो म्हणायचा. बाईच्या हातचा देव लोक घेत नसत. बाई विटाळाची आणि देव सोवळ्याचा, असा सगळा मामला. मग तीच बाई रोज सकाळी तोच देव घासते, पुसते, न्हाऊ घालते, तेव्हा विटाळ कुठं जातो, असं नागुबाईनं एकदा बापाला विचारलं होतं. बापानं तिला शेवचिवडा घेऊन दिला आणि विषय मिटवला.

लग्न झालं आणि हातोडी सुटली. किशनराव स्वतःच कसबी होता, घरात दोन कारागिरांची गरज नव्हती. मग बहात्तरचा दुष्काळ आला. माणसांच्या पोटाला रेशनच्या मिलोची लाल भाकर मिळेना, देवांचे टाक कोण करतो? किशनराव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. देवीच्या नाकातली नथ कोरणाऱ्या माणसाच्या हातात घण आला. तिथं एके दिवशी शेजारच्या गड्याचा घण निसटला आणि किशनरावाच्या उजव्या हाताची बोटं चिरडली. बोटं राहिली, पण वळायची बंद झाली. पुढं पाऊस पडला, लोकांघरी लग्नं निघाली, टाकांच्या मागण्या येऊ लागल्या, आणि किशनराव दुकानात बसून नुसता आपल्या हाताकडे बघायचा. नागुबाईनं दोन दिवस ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी मागच्या खोलीत पाट मांडला, पदर खोचला आणि म्हणाली, "तुमी फुडं बसा. मी मागं ठोकते."

तिथून जे नाटक सुरू झालं त्याला तोड नाही. गिऱ्हाईक आलं की किशनराव मांडीवर ठसा घेऊन, उजवा हात धोतराच्या सोग्यात लपवून ध्यानस्थ बसे. मागून ठक् ठक् चालूच.

"किशनराव, तुमी तर हिथं बसलाव. मंग ठोकतंय कोन?"

"घुमतंय," किशनराव गंभीरपणे सांगे. "सकाळचं ठोकलेलं घुमून राहिलंय. भिंत जुनी हाय."

एकदा तर त्यानं उंदीर सांगितला. गिऱ्हाईक म्हणालं, एवढ्या तालात ठोकणारा उंदीर आमच्या गावातल्या भजनी मंडळाला द्या. शेवटी या सगळ्याला कंटाळून किशनरावानं एक नियमच काढला, की देवाचं रूप उघड्यावर उठवायचं नसतं, पडद्याआड उठवायचं असतं, शास्त्र आहे. शास्त्र त्याच्या डोक्यातलं होतं, पण थोड्याच दिवसांत गल्लीतल्या झाडून सगळ्या सोनारांनी दुकानात पडदे लावले. एकानं तर, आमच्याकडे दोन पडदे आहेत, अशी पाटी लावली.

नागुबाईला आधी या सगळ्याची मजा वाटायची. मागच्या खोलीत तोंडात पदर कोंबून हसायची. पण वर्षं सरली तसं हसू आटत गेलं. बायका यायच्या, टाक कपाळाला लावायच्या, "किशनरावच्या बोटांत देवी हाय बाई" म्हणायच्या, आणि नागुबाई त्यांना चहा द्यायची. देवी खरोखर ज्या बोटांत होती ती बोटं कपबशा विसळत असायची. तिला पैसा नको होता, मान नको होता. एकदा, फक्त एकदा, पुढच्या गादीवर चार लोकांदेखत बसून हातोडी मारायची आणि म्हणायचं होतं, हे माझं काम. त्यापायी ती आतून जळायची. किशनरावाला ते कळत होतं आणि म्हणून तो तिच्याशी जास्तच गोड बोलायचा, त्यानं तर ती आणखीच भडकायची.

असं चाललेलं असताना ब्याऐंशी साल उजाडलं, आणि उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघणार हे पक्कं झालं.

गाव येडं झालं. दुसरा शब्द नाही. चहावाल्यानं हॉटेलाचं नाव 'जिल्हा टी हाऊस' केलं, न्हाव्यानं 'कलेक्टर कटिंग' अशी पाटी रंगवली. दोन वर्षं भांडणारे शेजारी आता आपण एकाच जिल्ह्याचे म्हणून गळ्यात गळे घालू लागले. आधीही ते एकाच जिल्ह्याचे होते हे कुणी लक्षात आणून दिलं नाही. त्या साली पाऊस रुसलेला होता. पेरण्या अडल्या होत्या, विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि घागरींच्या रांगेत उभ्या असलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "पानी न्हाई तर न्हाई, जिल्हा तर झाला!"

या धामधुमीत एक दिवस मोंढ्यातले अडते व्यंकटराव दुकानात आले. व्यंकटराव म्हणजे गावातल्या प्रत्येक उत्सवाचे अध्यक्ष. त्यांना कुणी निवडत नसे, ते आपोआप होत. अंगापेक्षा मिशा मोठ्या, आणि आवाज मिशांहून मोठा. त्यांनी दस्तीच्या रुमालात गुंडाळलेलं चांदीचं नाणं काढलं आणि किशनरावापुढं ठेवलं. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सरकारनं काढलेलं ते दहाचं नाणं होतं. दुष्काळाच्याच सालातलं. त्यावर तीन सिंहांची राजमुद्रा होती.

"आपल्या समितीनं ठरिवलंय," व्यंकटराव म्हणाले, "जिल्ह्याच्या दिवशी मानकऱ्यांना चांदीचं नाणं वाटायचं. एका बाजूला हे सिंव्ह, एका बाजूला लातूर जिल्हा. समदं गाव म्हनलं, किशनरावशिवाय हे कुनालाच जमायचं न्हाई."

किशनराव सोग्यातल्या हातासकट घामाघूम झाला. पडद्यामागून नागुबाईचा आवाज आला. "जमंल की!"

व्यंकटराव दचकले. पडदा बाजूला झाला आणि नागुबाई सरळ पुढं आली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो दिवस उगवलाय, हे तिनं एका क्षणात ताडलं होतं. नाणं म्हणजे काय देव नव्हे! त्याला सोवळं नाही, ओवळं नाही. मग ते बाईनं उघड्यावर का करू नये?

"ह्यांचा हात जरा दुखून राहिलाय, मालक," ती म्हणाली. "नाणं मी करते. हिथं फुडं बसून करते. बापानं शिकिवलंय मला."

व्यंकटरावांनी मिशीवर हात फिरवला. ते वाईट गृहस्थ नव्हते, फक्त अध्यक्ष होते. "वैनी, काम कुनीबी करा, आपलं काय जात न्हाई. पन मागंच बसून करा. पाव्हण्यांच्या फुडं बाईमानसाचं नाव कसं घ्यायचं? लोक म्हंतील, समितीला कारागीर घावला न्हाई. नाव किशनरावांचंच."

 नागुबाईनं नाणं उचललं आणि ती पडद्यामागं गेली. पडदा मात्र इतक्या जोरात ओढला की त्याच्या तीन कड्या तुटल्या.

तरी काम तिनं जीव ओतून केलं. सिंह तिनं जन्मात पाहिला नव्हता. नाण्यावरचा सिंह ज्वारीच्या दाण्याएवढा, त्यात काय दिसणार? खालचा बैल आणि घोडा मात्र ओळखीचे होते, बैल महादेवाचा आणि घोडा खंडोबाचा, ते दोघं ठशावर असे उठले की आता उधळतील. सिंहांच्या तोंडाशी येऊन हात अडला.

"हे तीनच कशे?" तिनं किशनरावाला विचारलं. "खांबाच्या चारी बाजूनं तर चार पायजेत."

"चौथा मागल्या बाजूला हाय म्हंत्यात. दिसत न्हाई."

"मागं बसून काम करीत आसंल," नागुबाई म्हणाली. किशनरावानं गुपचूप चहाचं आधण ठेवलं.

शेवटी तिच्या हाताला जे येत होतं तेच हातानं केलं. डोळे रेणुकेचे दिले, मोठे आणि टक लावून बघणारे. मिशा खंडोबाच्या दिल्या, पिळदार. तिन्ही सिंह असे दिसू लागले की गावातली तीन करती माणसं फोटोला उभी आहेत. व्यंकटराव नमुना बघायला आले आणि बघतच राहिले.

"मधला कुठंतरी बघितल्यासारखा वाटतो," ते मिशी कुरवाळत म्हणाले. त्यांची खुशी लपेना. मग खरंखोटं करायला त्यांनी नाणं फळीवर आपटलं. खण् वाजायच्या ऐवजी ते ठप्प वाजलं. नागुबाईनं ते टाकासारखंच केलं होतं ना: वर पातळ पत्रा, पोटात लाखेचा भराव, मागचा पत्रा कडा वळवून बसवलेला. "वाजत का न्हाई हे?" व्यंकटरावांनी विचारलं.

"देव कुठं वाजतो, मालक?" पडद्यामागून उत्तर आलं.

आणि इथंच एक चूक झाली. टाक घराबाहेर जाताना नागुबाई त्याचे डोळे सर्वांत शेवटी उघडायची, सकाळी न्हाऊन, उगवतीकडे तोंड करून. मग त्याला हळदीकुंकू लावायचं, चार अक्षता ठेवायच्या आणि लाल कपड्यात बांधायचं. बापाची रीत, हाताला लागलेली. समितीच्या नाण्यांचं तिनं तेच केलं. नाणं आहे, देव नाही, हे मनाशी पक्कं धरून पडद्याबाहेर आलेली बाई, पण हात बिचारे कुठं ऐकतात? सगळी नाणी डोळे उघडून, कुंकू लावून, लाल पुड्यांत बांधून गेली.

पंधरा ऑगस्टला गोलाईत मांडव पडला. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, मानकऱ्यांना लाल पुड्या वाटल्या, आणि कारागीर म्हणून किशनरावाला शाल-नारळ दिला. त्यानं दोन्ही हात शालीच्या आत ठेवले आणि नारळ बगलेत धरला. नागुबाई बायकांच्या गर्दीत सरजाबाईच्या शेजारी बसली होती. सरजाबाई म्हणजे गल्लीतली सगळ्यांत कडक म्हातारी. तिच्या देव्हाऱ्याकडे मांजरानं बघितलं तर ती मांजराला आंघोळ घाली.

"नशीब काढलंस, नागे," सरजाबाई म्हणाली. "नवरा असावा तर असा गुनी."

नागुबाई घरी आली आणि तिनं ती शाल पाट्या-वरवंट्याखाली अंथरली. किशनराव म्हणाला, "चांगली ऊबदार हाय." नागुबाई म्हणाली, "पाट्याला थंडी वाजती."

इकडे घरोघरी पुड्या सुटल्या. लाल कपडा, हळदीकुंकू, अक्षता. यात नाणं असेल अशी शंकाही कुणाला आली नाही. लोकांनी टाक कपाळाला लावला आणि देव्हाऱ्यात बसवला. आता देव कोणता, यावर थोडी चर्चा झाली. तीन तोंडं म्हणजे दत्त, यात वाद नव्हता. खाली गाय आहेच, शेजारी कुत्रं आहे. कुत्रं घोड्याएवढं मोठं का, तर चांदी महाग असली तरी कारागिरानं हात आखडला नाही म्हणून. कुणी नरसिंह ठरवला. सराफ्यातल्या एकानं, हा नव्या जिल्ह्याचा ग्रामदेव आहे, सरकारनं धाडलाय, असं सांगितलं आणि लोकांना ते सगळ्यांत जास्त पटलं. आठवड्याच्या आत त्याला नवस बोलले गेले. गावात एकाच वस्तीत लोकांनी नाणं पाहताक्षणी बरोबर ओळखलं. बौद्ध वस्तीत. अशोकाचे सिंह आणि खाली धम्मचक्र, त्यांना कोण शिकवणार? त्यांनी ते बुद्धाच्या मूर्तीपुढं ठेवलं आणि मेणबत्ती लावली.

आठ-दहा दिवसांनी नव्या कलेक्टर कचेरीतले अव्वल कारकून साहेबराव दुकानात आले. व्यंकटरावांनाही तिथंच बोलावून घेतलं. साहेबराव त्याच बौद्ध वस्तीतले, शिकून मोठे झालेले, बोलणं मऊ. पण बोलले ते ऐकून व्यंकटरावांच्या मिशा खाली आल्या.

"अध्यक्षसाहेब, राजमुद्रा ही देशाची निशाणी हाय. परवानगीबिगर कुनालाच ती छापता येत न्हाई. त्यात ह्ये नाण्यावानी दिसतंय. वरून इचारणा झाली तर लई अंगाशी येईल. तुमी स्वतःहून समदी नाणी परत जमा करा, मग मी बघतो काय करायचं ते."

व्यंकटराव मांडवातल्या आवाजात काही बोलायला गेले आणि घशातून फक्त हवा आली. ते घरोघर फिरले. लोक म्हणाले, देव्हाऱ्यात बसलेला देव परत देतात का कधी? एका म्हातारबांनी त्यांना, तुम्ही हिंदू आहात ना, असं विचारलं. संध्याकाळी घामेजून गोलाईत बसलेल्या व्यंकटरावांना एकाएकी युक्ती सुचली. बाईच्या हातचं आहे असं कळलं तर लोक स्वतःहून आणून देतील! शिवाय ठपकाही बाईवर जाईल. शाल नवऱ्याच्या अंगावर आणि शेकणं बायकोच्या पाठीवर, ही वाटणी काही त्यांनी नवीन शोधली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा लावलेली रिक्षा गल्लीत शिरली. "ऐका हो ऐका! समितीनं वाटलेली चांदीची नाणी बेकायदेशीर असून, ती किशनरावांनी नव्हे तर नागुबाई किशनराव पांचाळ या बाईमाणसानं केलेली आहेत! तरी सर्वांनी ताबडतोब परत करावीत!"

नागुबाई पिठाच्या हातांनी दारात आली. ऐकलं, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. मग तिला असं हसू फुटलं की उंबऱ्यावरच बसली. तिचं नाव! भोंग्यातून! आख्ख्या गोलाईत! तिनं पिठाचा हात वर करून रिक्षा थांबवली.

"दादा, पुन्यांदा म्हना की. नाव जरा हळू म्हना."

रिक्षावाला भला माणूस. त्यानं पुन्हा म्हटलं, नाव हळू आणि मोठ्यानं. नागुबाईनं त्याला चहा पाजला, आणि तो पुढच्या चौकात जाईपर्यंत कान देऊन उभी राहिली. वळली तर किशनराव पांढराफटक पडलेला.

"हसतीस काय, येडे," तो म्हणाला. "आता लोक नाण्याचे डोळे बघतील, अन् मंग देव्हाऱ्यातल्या रेणुकेचे डोळे बघतील. दोन्ही एकाच हाताचे हायेत. समदे टाक परत आले तर?"

नागुबाईचं हसू तिथंच थांबलं. इतकी वर्षं ठोकलेले सगळे देव तिच्या डोळ्यांपुढं आले. लोकांनी ते ओंजळी-ओंजळीनं आणून दारात टाकले तर? दुकान जाईल हे होतंच. पण आपण उघडलेले ते डोळे लोकांना नकोसे झाले, हे बघायचं तिच्यात बळ नव्हतं. तिनं पीठ तसंच सोडलं आणि दाराशी बसून राहिली.

सगळ्यांत आधी आले ते साहेबरावच, आणि आज त्यांचा चेहरा कारकुनाचा नव्हता, शाळा चुकवलेल्या पोराचा होता. त्यांच्यापुढं त्यांची आई धोंडाबाई चालत होती.

"ह्यानं घरातलं नाणं मागितलं," धोंडाबाईनं लेकाकडं बोट करून सांगितलं. "म्हनला, नियम हाय. म्या म्हनलं, अशोकाचे सिंव्ह आमच्या घरातून काढून तू कुनाला देतूस रं? तर म्हनतो, भोंग्यावर सांगितलं, बाईनं केलंय ते. आरं, बाईनं केलंय म्हनून तर मुळीच देत न्हाई! बाई कोन ती बगाया आले." आणि तिनं नागुबाईचे पिठाचे हात आपल्या हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले.  नागुबाई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"पाच-पन्नास घरं फिरलो," साहेबराव कपाळ पुसत म्हणाले. "कुंकवाचा एवढा थर बसलाय की खाली राजमुद्रा हाय का शेंगदाणा, कायबी दिसत न्हाई. दिसतच न्हाई तर जप्त काय करायचं? विकायला तर एकबी काढलं न्हाई. व्यंकटरावांकडून माफीनामा घेतो. वैनी, तुमी फकस्त ठसा मोडा आन् पुन्हा करू नका."

नागुबाईनं ठसा आणला आणि त्यांच्यासमोर घणानं मोडला. मिशाळ सिंह गेले. तिला वाईट वाटलं, पण त्या सिंहांनी काम केलं होतं. साहेबराव मोकळे झाले आणि आईच्या मागं मागं निघून गेले. भोंगा ऐकून गल्लीत जमलेली गर्दी मात्र हलली नाही, कारण तेवढ्यात सरजाबाई येत होती.

तिच्या हातात झाकलेलं ताम्हण होतं. लोकांनी तिला वाट दिली. ती दुकानापुढं उभी राहिली आणि तिनं वरचा कपडा काढला. ताम्हणात तीन सिंहांचं नाणं होतं, आणि शेजारी तिची रेणुका.

"मला दिसतं कमी," सरजाबाई म्हणाली, "पन रोज न्हाऊ घालते, बोटाला कळतं. ह्या नाण्यावर आंगठा फिरिवला अन् ध्येनात आलं. नाक तेच, डोळे तेच. भोंगा म्हनला, नाणं नागीनं केलं. मंग माझी रेणुका कोनं केली? किशनराव, खरं सांग. तू केलीस?"

 एका 'व्हय'वर दुकान वाचणार होतं. किशनरावानं तोंड उघडलं, नागुबाईकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती, ताम्हणातल्या रेणुकेकडं बघत होती. मग किशनरावानं सोग्यातला हात बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा गादीवर ठेवला.

"दुष्काळात बोटं गेली माझी," तो म्हणाला. "तवापासून ह्या दुकानातनं गेलेला एकबी देव माझा न्हाई. समदे हिचे हायेत. म्या नुसता बसलो."

कुणीतरी मागून 'अरारा' केलं.  सरजाबाईनं त्या वाकड्या बोटांकडं बघितलं, मग ताम्हणाकडं. तिला घाई नव्हती.

"म्हंजे येवढी वर्सं," ती म्हणाली, "म्या बाईच्या हातच्या देवीला सोवळ्यात पुजलं."

"व्हय, मावशी," नागुबाई कशीबशी म्हणाली.

"नातवाचा टायफाइड तिला सांगितला, तिनं ऐकलं. लेकीचा संसार मोडत होता, सांगितलं, तेबी ऐकलं. विटाळ मानायचा आसता तर तिनं मानला आसता. तिनं मानला न्हाई, तर म्या कोन लागून गेले?" सरजाबाईनं रेणुका उचलून नागुबाईच्या हातात दिली. "पन हिचं नाक झिजलंय गं घासून घासून. नवी करून दे. अन् आत जाऊ नगंस. हिथं बस. मला बगायचंय."

किशनराव गादीवरून झटकन सरकला. त्यानं डाव्या हातानं पाट आणला, ठसा आणला, पत्रा आणला. नागुबाईनं हात धुतले, पदर खोचला आणि गादीवर बसली. आख्खी गल्ली पुढं झुकली होती. तिनं ठशावर पत्रा ठेवला, हातोडी उचलली आणि मारली. घाव चुकला. हातोडी पाटावर आपटली.

"येवढे देव केलेस," सरजाबाई म्हणाली, "अन् आता हात कापतोय व्हय?"

"तवा कुनी बगत नव्हतं, मावशी," नागुबाई म्हणाली, आणि डोळे पुसून तिनं पुन्हा हातोडी उचलली.